पाच ओंजळी पीठ

लालासाब पिंजारी रोज सकाळी परातीत पाच ओंजळी पीठ घ्यायचा. घरात माणूस एक, आणि ओंजळी पाच! शेजारच्या धोंडुबाईनं एकदा कुडावरून वाकून विचारलंच, की लालासाबभाई, एवढ्या भाकऱ्या खातंय कोण? तर हा म्हणाला, खाणारी माणसं खात्यात की. धोंडुबाई काय समजायचं ते समजली आणि पदर सावरत आत गेली.

त्या ओंजळी मुळात लालासाबच्या नव्हत्याच. त्याच्या बायकोनं, मेहरुन्निसानं, त्या घालून दिल्या होत्या. एक नवऱ्याची, एक स्वतःची, कारखान्यातल्या दोन पिंजाऱ्यांच्या दोन आणि पाचवी येणाऱ्या-जाणाऱ्याची. कारखाना म्हणजे तरी काय, रविवार पेठेत घरापुढचं एक लांबट छप्पर. आत ख्वाजा आणि इमाम कापूस पिंजायचे. आढ्याला टांगलेली ती मोठी पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची कमान, तिच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी मोगरी बसली की आख्ख्या बोळाला ऐकू जायचं. कापसाची म्हातारी नाकातोंडात जायची, भुवया पांढऱ्या व्हायच्या. मेहरुन्निसाचं म्हणणं साधं होतं. जो आपल्या छपराखाली कापूस गिळतो, त्यानं भाकरीसुद्धा आपल्याच चुलीवरची गिळावी. आणि भाकरीवर गुळाचा खडा. गुळानं घशातला कापूस खाली उतरतो, हे पिंजाऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही.

तिसरा गडी पिराजी. मुरगूडकडचा मराठा, गाद्यांच्या खोळी शिवायचा. त्या काळात मराठ्यानं पिंजाऱ्याच्या घरी जेवायचं म्हणजे भावकीनं हुक्का-पाणी बंदच केलं असतं. तेव्हा तो आपली भाकरी फडक्यात बांधून आणायचा आणि उंबऱ्याच्या बाहेर बसून खायचा. पण गूळ मात्र हात पुढं करून घ्यायचा. गुळाला कसला आलाय विटाळ! आत तिघं-चौघं, बाहेर एक, आणि मधल्या उंबऱ्यावरून इकडची थट्टा तिकडं. अशी ती पंगत.

मग गाठीची साथ आली, प्लेगची. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. मेहरुन्निसा तिथंच तीन दिवसांत गेली. मूल ना बाळ. लालासाब साथ ओसरल्यावर घरी आला, कुलूप काढलं, आणि चुलीसमोर जो बसला तो संध्याकाळपर्यंत बसूनच राहिला. कामावर गडी आले तेव्हा त्यानं पहिल्यांदा परात पुढं ओढली आणि पाच ओंजळी पीठ घेतलं. भाकरी कशाला म्हणतात हे त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. एक तव्याला चिकटली, एक मोडली, बाकीच्या कडेला करपल्या. ख्वाजानं एक उचलून उजेडाला धरली आणि विचारलं, की मालक, ही खायाची का गादीत भरायची? इमाम हसला, उंबऱ्याबाहेर पिराजी हसला. आणि काय सांगू, लालासाबही हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं धुरावर ढकललं.

तेव्हापासून आठ वर्षं तो भाकऱ्या करत होता, आणि आता त्या बऱ्या व्हायला लागल्या होत्या. पण सकाळी उठून कुणाशी बोलावं तर घरात मांजरसुद्धा नाही. संध्याकाळी गडी गेले की आढ्याला टांगलेली पिंजण आणि हा, एवढेच दोघं. सगळ्या दिवसात ती दुपारची अर्धी घटका तेवढी त्याच्या घराला घरपण यायचं. तेवढ्यावर तो जगत होता म्हणा ना. हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी कुणाला सांगितलं नाही.

आता पट्टीचं सांगतो. कोल्हापुरात आगगाडी येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. महाराजांची अमदानी, नवे नवे कायदे, नवी नवी खाती. त्यातच एक पट्टी, म्हणजे कर, निघाली. ज्याच्याकडं मजुरीवर माणसं, त्यानं दर तीन महिन्यांनी तक्ता भरायचा. माणसाचं नाव, त्याची मजुरी, आणि मजुरीच्या रुपयामागं ठरलेली पट्टी. सगळ्यांची मिळून मजुरी महिन्याला पंचवीस रुपयांच्या आत असली तर पट्टी मालकानं भरायची. पंचवीसच्या वर गेली की मजुराच्या मजुरीतूनही वेगळी कापून कचेरीत नेऊन द्यायची, आणि ती मालकानं आपल्या खिशातून भरलेली चालायची नाही. लालासाबच्या तिघांची मजुरी तेवीस. म्हणजे तो काठावर, पण आत.

पेठेतले बाकीचे कारखानदार दवंडी ऐकली की कानावर हात ठेवायचे. कुणी तिघांचा एक गडी दाखवायचा, कुणी भाच्याच्या नावावर दुकान करायचा. लालासाबची तऱ्हा उलटी. दवंडीवाल्याचा डफ वाजला की हा मोगरी खाली ठेवून रस्त्यावर. मग दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून कचेरीत, भिंतीवर लावलेला कागद एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचा. बालबोध लिपी तो मोठेपणी शिकला होता, तिचा त्याला भारी अभिमान. नियम वर्षातून दोनदा बदलायचे आणि हा दोनदा नव्यानं शिकायचा. सगळे कागद मेहरुन्निसाच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या लुगड्यांवर घडी घालून ठेवलेले. पेठेतली माणसं अडली की याच्याकडं यायची आणि माघारी याला येडा म्हणायची. शहाण्यानं कचेरीची पायरी चढू नये म्हणतात, आणि हा तर ती पायरी झिजवत होता! पण खरं सांगायचं तर तिथले कारकून गणपतराव त्याला "बसा लालासाब" म्हणायचे. नाव घेऊन बसा म्हणणारं माणूस आठ वर्षांत दुसरं कुठं होतं?

पट्टीच्या तिसऱ्या वर्षी नवं कलम आलं. मजुरीखेरीज मजुराला मालकाकडून जे काही अन्नवस्त्र मिळेल, त्याची किंमत मजुरीत धरावी.

पेठेत हे सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी सोडून दिलं. भाकरी कोण कागदावर लिहितं? देणारा लिहीत नाही आणि खाणारा सांगत नाही. पण लालासाबनं तक्ता पुढं ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ख्वाजा व इमाम, दुपारचे जेवण, रोज. पिराजीसह तिघांस गूळ. आणि खरं सांगू का, लिहिताना त्याला आनंद होत होता. आपल्या घरी माणसं जेवतात, हे दरबारच्या कागदावर चढणार होतं. असली चूक दुसऱ्या कुणी केली नसती.

गणपतरावांनी तक्ता वाचला, चष्मा वर केला आणि हळूच विचारलं, की हे ठेवायचंच का? बघा, अजून खोडता येईल. लालासाब म्हणाला, खरं हाय ते कसं खोडू? मग गणपतरावांचा नाइलाज झाला. दोघांच्या जेवणाची किंमत महिन्याला दर माणशी दीड रुपया धरली, आणि तेवीसचे सव्वीस झाले. पुढच्या तिमाहीपासून तिघांच्याही मजुरीतून कपात.

लालासाब घरी कसा आला ते त्याचं त्याला माहीत. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढून झाल्यावर त्यानं गड्यांना सगळं सांगितलं, आपण काय लिहिलं तेही लपवलं नाही. ख्वाजाच्या लेकीचं लग्न तोंडावर होतं. इमामचा बाप अंथरुणाला खिळलेला. पण कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सगळे खाली मान घालून जेवले आणि गूळ हातात घेऊन उठले.

तिसऱ्या दिवशी ख्वाजाच्या हातात फडकं होतं. त्याच्या बायकोनं, जरीनानं, भाकरी बांधून दिली होती. इमामकडंही फडकं. पिराजीनं गुळाला हात पुढं केला नाही. तुमच्यावरचा बोजा आन आमची कपात, दोनी वाचंल मालक, एवढंच ख्वाजा म्हणाला. आणि मालकाच्या दारात, मालकाची चूल पेटलेली असताना, घरचं फडकं सोडून बसायचं त्यांना जड गेलं असणार. तिघंही रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसले.

आता यात कुणाचं काय चुकलं सांगा. कुणाचंच नाही. आणि तरी त्या दुपारी लालासाब चुलीपुढं पाच भाकऱ्यांची टोपली घेऊन बसला तेव्हा त्याला मेहरुन्निसा गेली त्या दिवसासारखं वाटलं. त्या वेळी निदान झोपडीबाहेर माणसं रडत होती.

पण पीठ त्यानं कमी केलं नाही. रोज पाच ओंजळी. एक भाकरी तो खायचा, बाकीच्या तकियातल्या फकिराला नाहीतर धोंडुबाईच्या म्हशीला. लिंबाखालून हसण्याचा आवाज यायचा. त्यांना थट्टा करायला माणसं होती. याला फक्त ऐकायला येत होतं, आणि तेही वारा इकडचा असला तर.

पुढचा तक्ता त्यानं भरला. जेवणाच्या रकान्यात लिहिलं: बंद. रकान्यात "बंद" बघून वरच्या साहेबाला संशय आला, की हा माणूस आता चोरून जेवण घालत असणार. चौकशी करा, असा शेरा पडला. आणि एका सकाळी गणपतराव शिपायाला घेऊन कारखान्यात हजर.

बिचारे गणपतराव स्वतःच अवघडले होते. म्हणाले, विचारणं भाग आहे. जेवण बंद झालं ते ठीक, पण त्याआधी तीन वर्षं चालू होतं का? चालू असेल तर कलम मागच्या वर्षांनाही लागू, आणि ती सगळी कपात आता एकदम भरावी लागेल. मालकाचीही आणि तुमचीही. साहेबांनी शपथेवर लिहून आणायला सांगितलंय.

पिराजीकडं त्यांनी नुसतं पाहिलं. मराठा गडी पिंजाऱ्याकडं जेवतो का, हा काय विचारायचा प्रश्न झाला? त्याला सोडून ते ख्वाजाकडं वळले. ख्वाजानं लालासाबकडं बघितलं. तीन वर्षांची पट्टी म्हणजे हे छप्पर विकावं लागणार, हे त्या म्हाताऱ्या गड्याला कागद न वाचताही कळत होतं. तो उठला आणि त्यानं उजवा हात टांगलेल्या पिंजणीच्या कमानीवर ठेवला.

"या घरातला भाकरीचा तुकडा मी खाल्ला न्हाय," ख्वाजा म्हणाला, "आन जित्या जिवात खाणार न्हाय. ह्या पिंजणीची आन."

गणपतराव गोंधळले. मग यांनी तक्त्यात लिहिलं ते काय? ख्वाजाचा हात कमानीवर तसाच होता. त्यानं मालकाकडं न बघता सांगितलं.

"बाई गेल्यापास्नं मालक एकलं हाईत, सायेब. पाच जणांचा सैपाक करत्यात आन आमी जेवलो म्हंत्यात. आमी व्हय म्हंतो. काय करणार?"

मग इमामनंही हात ठेवला आणि तेच म्हणाला.

गणपतरावांनी मान वळवून चुलीकडं पाहिलं. टोपलीत पाच भाकऱ्या होत्या, गरम, एकावर एक रचलेल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. लालासाबला वाटलं ओरडून सांगावं, की अरे खोटं आहे हे! याच उंबऱ्यात बसून यानं माझ्या करपलेल्या भाकरीची थट्टा केलीय. माझी बायको याला वाढायची, तापात निजली होती तेव्हासुद्धा याला गूळ मिळाला का म्हणून विचारलं होतं तिनं. पण तो बोलला असता तर दोघं शपथेवर खोटं बोलणारे ठरले असते. जीव तोडून वाचवायला निघालेल्या माणसांना तोंडघशी कसं पाडायचं? तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्यानं मेहरुन्निसाची सगळी वर्षं कागदावरून पुसली गेली. गणपतरावांनी लिहून घेतलं, सह्या-अंगठे झाले. जाताना त्यांनी लालासाबच्या खांद्यावर हात ठेवला. तो दयेचा हात होता, आणि तो लालासाबला फार झोंबला. कचेरीत पुन्हा त्याला कुणी बसा म्हणालं तरी तो बसत नसे.

चारएक महिने गेले. थंडीत गाद्या-रजयांचं काम भरपूर, त्यात दिवस निघाले. आणि फाल्गुनात पुन्हा डफ वाजला. जेवणाचं कलम दरबारानं मागं घेतलं. व्यापारीपेठांतून फार तक्रारी गेल्या होत्या म्हणे. मालकानं मजुराला घातलेलं अन्न मजुरीत धरू नये, मागचंही धरू नये.

लालासाबनं दवंडी ऐकली, तरी कचेरीत जाऊन भिंतीवरचा कागद स्वतःच्या बोटानं वाचला. दोनदा वाचला. येताना त्यानं मंडईतून वांगी घेतली, कोथिंबीर घेतली, गुळाची नवी ढेप घेतली. कितीतरी दिवसांनी तो चालताना काहीतरी गुणगुणत होता. दुपारी भरली वांगी, पाच भाकऱ्या, ताटं मांडलेली. गडी फडकी उचलून लिंबाकडं निघाले तसं त्यानं दारात उभं राहून त्यांना अडवलं आणि सगळं सांगितलं. कलम गेलं. आता बसा.

इमामनं ख्वाजाकडं बघितलं. ख्वाजा जागेवरच उभा राहिला. फडकं त्याच्या हातात लोंबत होतं.

"मालक," तो म्हणाला, "पिंजणीवर हात ठिवून बोललोय न्हवं."

लालासाबची नजर पिंजणीवर गेली. ही रीत त्याचीच होती. पंचवीस वर्षांपूर्वी ख्वाजा कामाला लागला तेव्हा यानंच त्याचा हात धरून त्या कमानीवर ठेवला होता आणि सांगितलं होतं, की हिच्यावर हात ठेवून बोललेलं मोडलं तर तात तुटते आणि पिंजाऱ्याचा डोळा घेते. लालासाबच्या बापानं त्याला तसंच सांगितलं होतं. खोट्या शपथेतलं जे घडून गेलं ते कुणाला बदलता येणार नव्हतं. पण "खाणार न्हाय" हे तर अजून ख्वाजाच्या हातात होतं, आणि ते तो मरेपर्यंत खरं करणार होता. दरबाराला कलम मागं घेता आलं. ख्वाजाला ते जमणारं नव्हतं.

"बरोबर हाय तुजं," लालासाब म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

दोघं गेले. ख्वाजा रस्ता ओलांडताना सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत होता, ते घामासाठी होतं की कशासाठी ते त्यालाच ठाऊक. लालासाब आत येऊन मांडलेल्या ताटांपुढं बसला.  आयुष्यभर सरळ नाकासमोर चाललो, प्रत्येक कलम वाचलं, प्रत्येक तक्ता वेळेवर भरला, आणि काय मिळालं तर ही चार रिकामी ताटं. तो रडला. मोठ्यानं नाही, पण रडला.

उंबऱ्याशी सावली पडली. पिराजी उभा होता. त्याचं फडकं काखेत तसंच बांधलेलं. आधी तो बाहेरच्या पायरीवर, त्याच्या नेहमीच्या जागी बसला. मग उठला. बोळात इकडं तिकडं बघितलं. धोंडुबाई कुडावरून डोकावत होती, ती त्याला दिसली आणि तिला तो दिसला. संध्याकाळच्या आत हे मुरगूडपर्यंत पोचणार, हे दोघांनाही कळलं. पिराजीनं पायताण काढलं आणि उंबरा ओलांडला. त्या उंबऱ्याच्या आत त्यानं चौदा वर्षांत पहिल्यांदा पाय टाकला होता. तो एका ताटापुढं मांडी घालून बसला.

"मी कुटं आन घेतल्या?" पिराजी म्हणाला. "वाढा मालक."

 लालासाबनं विचारलं, भावकी काय म्हणंल? पिराजी म्हणाला, म्हणंल काय म्हणायचं ते, वांगी गार व्हायलीत. लालासाबनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली, कालवण वाढलं, गुळाचा खडा वाढला. पिराजीनं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि भाकरी चांगली झाल्याचं सांगितलं. त्याच्यासमोर लालासाबनंही खाल्लं.  दारातून लिंबाखालचे दोघं दिसत होते. तेही जेवत होते, पण आज तिकडून हसण्याचा आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाबनं परात पुढं ओढली. एक ओंजळ स्वतःची घातली. एक पिराजीची घातली. एक येणाऱ्या-जाणाऱ्याची घातली. मग चौथ्यांदा, ख्वाजाची म्हणून, त्यानं डब्यात हात घातला, ओंजळ भरली, आणि थोडा वेळ तशीच धरून ती पुन्हा डब्यात सोडली.